मेन्झूर

जर्मन भाषक देशांतील विद्यापीठीय विद्यार्थी-संघांमध्ये रूढ असलेला नियमबद्ध असियुद्धाचा प्रकार. ‘माप’ या अर्थाच्या ‘मेन्सुरा’ या लॅटिन शब्दावरून हे नाव आले असून त्यातून दोन प्रतिस्पर्ध्यांमधील ठराविक अंतर सूचित होते. मेन्झूरमध्ये कोणी जिंकत वा हरत नाही. जखमेचा धोका समोर असताना जागेवरून न हलणे, हीच तीमधील कसोटी होय. त्यामुळे गुणांवर निर्णय होणाऱ्या क्रीडास्पर्धेतील असिक्रीडेहून ती मूलतः भिन्न आहे.

सोळाव्या-सतराव्या शतकांत जर्मन विद्यार्थी शस्त्र बाळगीत व विद्यापीठांत असिविद्येचे शिक्षक असत. येना येथील क्रॉइस्लर घराण्याच्या शिक्षकांमुळे भोसकण्याचे तंत्र विशेष प्रसिद्धीस आले. या तंत्रात पाते फुप्फुसात शिरून मृत्यू ओढवत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गटिंगेन येथे छेद देणाऱ्या वारांची पद्धत रुजली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भोसकण्याची पद्धत बव्हंशी लोपली. त्याच सुमारास, अपमानाचे निमित्त नसतानाही संघांनीच प्रतिस्पर्धी नेमून देण्याची प्रथा पडली. अशा रीतीने प्रतिष्ठेसाठी खेळले जाणारे द्वंद्व हे संघाच्या सभासदत्वाची परीक्षा बनले.

प्रतिस्पर्धी तलवारीच्या टप्प्यात समोरासमोर उभे राहतात. मान, छाती व हात जाड आवरणांनी आणि डोळे जाळीच्या चष्म्याने सुरक्षित केलेले असतात; डोके व गाल मात्र बहुधा उघडे असतात. पाय हलविणे वा वार चुकविण्यासाठी डोके मागे घेणे निषिद्ध असते. प्रत्येकाचा एक साहाय्यक असतो आणि वैद्य उपस्थित असतो. चेहऱ्यावरील व्रणास ‘श्मिस’ म्हणतात. जर्मन साम्राज्यात (१८७१–१९१८) तो सुशिक्षित उच्च वर्गाची खूण मानला जाई. बिस्मार्कने गटिंगेन येथे विद्यार्थिदशेत अनेक मेन्झूर खेळल्या होत्या. मार्क ट्वेनने अ ट्रॅम्प अब्रॉड (१८८०) या प्रवासग्रंथात हायडल्बर्ग येथील मेन्झूरचे वर्णन केले आहे.

ज्याला प्रतिष्ठा आहे त्याच्याशीच शस्त्र भिडवावयाचे, या संकेतामुळे मेन्झूर हे सामाजिक बहिष्काराचेही साधन झाले. व्हिएन्नातील ‘आल्बिया’ संघाचा सभासद असलेला टेओडोर हेर्त्सल १८८३ मध्ये ज्यूविरोधी वातावरणामुळे संघाबाहेर पडला. ब्रेस्लौ येथे १८८६ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांनी ‘व्हिआड्रिना’ हा स्वतःचा शस्त्रधारी संघ स्थापन केला. ज्यूंना मुळी प्रतिष्ठाच नसल्याने त्यांचे आव्हान स्वीकारू नये, असा ठराव ऑस्ट्रियातील जर्मन-राष्ट्रवादी संघांनी १८९६ मध्ये वाइटहोफेन येथे केला. तलवारबाजीत प्रावीण्य मिळवून समान प्रतिष्ठा सिद्ध करू पाहणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांना या ठरावाने ती संधीच नाकारली. उलटपक्षी अनेक कॅथलिक विद्यार्थी-संघांनी धर्मतत्त्वास अनुसरून मेन्झूर त्याज्य मानली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्येच द्वंद्वाचा निषेध केला होता.

कायद्याची भूमिकाही वेळोवेळी बदलत गेली. जर्मन साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये मेन्झूर हे दंडनीय द्वंद्व ठरविले. तथापि प्रत्यक्षात ती चालूच राहिली. नाझी राजवटीने १९३३ मध्ये ती दंडमुक्त केली, पण स्वायत्त विद्यार्थी-संघ तिला नको होते. जर्मनीतील ज्यू संघ या राजवटीच्या आरंभीच संपुष्टात आले व अन्य संघ १९३५-३६ च्या सुमारास विसर्जित झाले. महायुद्धोत्तर काळात जुने संघ पुन्हा उभे राहिले. पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये, पुरेशी संरक्षक साधने वापरून उभय पक्षांच्या संमतीने खेळलेली नेमस्त मेन्झूर दंडनीय नाही, असा निर्णय दिला.

एकविसाव्या शतकातही जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमधील काही संघांत मेन्झूर चालू आहे. मात्र तिला पूर्वीची सामाजिक प्रतिष्ठा राहिलेली नाही. धैर्य व आत्मसंयमाचे शिक्षण म्हणून तिचे समर्थन केले जाते. तथापि धैर्याची कसोटी कोणास द्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकार संघांनी स्वतःकडे ठेवला व त्यातून भेदभावास बळ मिळाले, ही गोष्ट तिच्या इतिहासातून स्पष्ट होते.