दोन वर्षं झाली, स्कोअर ९५ च्या खाली का येत नाही? हौशी गोल्फर ज्या ‘पठारा’वर अडकतात, ते नेमकं काय असतं?

गोल्फ शिकायला लागलेल्या माणसाची सुरुवातीची प्रगती जोरात असते. पहिल्या आठवड्यात क्लब बॉलला लागतसुद्धा नाही. महिन्या-दोन महिन्यांत बॉल हवेत उडायला लागतो. सहा महिन्यांत १३० चा स्कोअर ११० वर येतो आणि वर्षा-दीड वर्षात शंभरी मोडते. मग गाडी ९५ वर येते आणि तिथेच उभी राहते. पुढची दोन वर्षं रविवारची पहाट चुकत नाही, रेंजवर बॉलच्या बादल्या रिकाम्या होतात, कोच बदलतो, ड्रायव्हर बदलतो. स्कोअर मात्र ९४, ९७, ९५, ९६.

अशा वेळी माणूस तीनपैकी एक निष्कर्ष काढतो. आपल्यात टॅलेंट नाही, आपला सराव कमी पडतोय किंवा आपले क्लब जुने झालेत. पहिल्या निष्कर्षामुळे खेळ सुटतो, दुसऱ्यामुळे पाठ धरते, तिसऱ्यामुळे खिसा रिकामा होतो. पण बहुतेक वेळा खरं कारण चौथंच असतं. तुम्ही ज्याचा सराव करताय आणि मैदानावर जे खेळावं लागतं, या दोन वेगळ्या गोष्टी झालेल्या असतात.

आधी स्कोअरचं गणित समजून घेऊ

गोल्फमध्ये १८ होल असतात. चांगल्या खेळाडूने प्रत्येक होल किती फटक्यांत पूर्ण करावा याचा आकडा ठरलेला असतो, त्याला ‘पार’ म्हणतात. मोठ्या कोर्सवर सगळ्या होल्सची पार मिळून साधारण ७२ होते. म्हणजे ९५ चा स्कोअर पारपेक्षा २३ फटके जास्त.

खेळाडूची पातळी मोजायला ‘हँडिकॅप’ वापरतात. जानेवारी २०२० पासून जगभर एकच पद्धत लागू व्हायला सुरुवात झाली. तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ घ्यायच्या, कोर्स किती अवघड होता तेही हिशोबात धरायचं आणि सरासरी काढायची. हा आकडा जास्तीत जास्त ५४ असू शकतो. शून्याच्या आसपास असलेल्याला ‘स्क्रॅच’ खेळाडू म्हणतात.

अमेरिकेत अधिकृत हँडिकॅप ठेवणाऱ्या पुरुषांची सरासरी १४ च्या आसपास आहे आणि महिलांची २८ च्या आसपास. हे नियमित खेळणारे, स्कोअर प्रामाणिकपणे नोंदवणारे लोक आहेत. तरीही त्यातले बहुतेक स्क्रॅचपासून लांबच राहतात. म्हणजे अडकलेले तुम्ही एकटे नाही, जवळपास सगळेच कुठे ना कुठे अडकलेले असतात.

हे पठार गोल्फच्याही आधी सापडलं होतं

घाट चढताना चढ संपतो आणि एकदम सपाट पठार लागतं. शिकण्याच्या आलेखातही असा सपाट भाग येतो आणि इंग्रजीतही त्याला पठार, म्हणजे ‘प्लॅटो’ असंच म्हणतात.

अमेरिकेतल्या ब्रायन आणि हार्टर या दोन अभ्यासकांनी १८९७ मध्ये तारयंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. मोर्स कोड ऐकून संदेश उतरवण्याचा वेग आधी भराभर वाढायचा. मग कित्येक आठवडे तो जागचा हलायचा नाही आणि नंतर पुन्हा चढायला लागायचा. त्यांनी कारण असं मांडलं की माणूस आधी एकेक अक्षर ऐकतो. अक्षरं अंगवळणी पडली की शब्द ऐकू लागतो, मग वाक्यं. एका टप्प्याची पद्धत पुरी वापरून झाली आणि पुढची अजून हाताला लागली नाही, की मधल्या काळात आलेख सपाट होतो.

पुढे इतर अभ्यासकांना हे पठार प्रत्येक शिकणाऱ्यात दिसलं नाही. आपल्या कामाची गोष्ट तीच आहे. पठार येऊ शकतं, पण ते अटळ नाही.

‘चालतंय की’ हीच अडचण

१९६७ मध्ये फिट्स आणि पोस्नर यांनी कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. स्कूटर शिकणं आठवा. पहिल्या पायरीवर प्रत्येक गोष्टीचा विचार करावा लागतो: क्लच, गिअर, ब्रेक. दुसऱ्या पायरीवर चुका कमी होतात. तिसऱ्या पायरीवर हात आपोआप चालतात आणि डोक्यात संध्याकाळच्या भाजीचा विचार असतो.

पण तुम्ही वीस वर्षं रोज स्कूटर चालवली म्हणून रेसर होत नाही. काम भागण्याइतकं जमलं की मेंदू तिथे लक्ष देणं थांबवतो. मग चुकीच्या सवयीही तितक्याच पक्क्या होतात.

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवर एक शोधनिबंध लिहिला. ‘दहा हजार तास’ ही प्रसिद्ध कल्पना पुढे याच अभ्यासावरून लोकप्रिय झाली. स्वतः एरिक्सन मात्र या आकड्यावर खूश नव्हते. त्यांचा भर तासांवर नव्हताच. आपली नेमकी कमजोरी निवडायची, आवाक्याच्या थोडं पलीकडचं काम करायचं आणि लगेच चूक दाखवणारं कुणीतरी असायला हवं, असं ते सांगत. नुसती बादली रिकामी करणं हा त्यांच्या लेखी असा सराव नव्हता.

रेंजवर वाघ, कोर्सवर शेळी

हा अनुभव प्रत्येक हौशी गोल्फरला असतो. त्याची साधी कारणं आहेत.

ड्रायव्हिंग रेंजवर तुम्ही एकच क्लब घेऊन, एकाच दिशेला, सपाट मॅटवरून पन्नास बॉल मारता. दहावा बॉल नववा पाहून सुधारता. कोर्सवर एक फटका मारल्यावर चालत जावं लागतं. पुढचा फटका वेगळ्या क्लबने, वेगळ्या उतारावरून, वेगळ्या गवतातून असतो आणि तो एकदाच मारायला मिळतो.

त्यात मॅट फसवते. क्लब बॉलच्या एक इंच मागे लागला तर मॅटवर तो घसरून पुढे जातो आणि फटका बरा दिसतो. तीच चूक गवतावर केली की क्लब मातीत रुततो आणि बॉल चार पावलांवर पडतो. म्हणजे जी चूक रोज होतेय, ती मॅट तुम्हाला कळूच देत नाही.

यावर जुने प्रयोग आहेत. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन हालचाली दोन गटांना शिकवल्या. एका गटाने एकेक हालचाल घोटली, दुसऱ्याने तिन्ही उलटसुलट क्रमाने केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. काही दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा दुसरा गट पुढे निघाला. १९८६ मध्ये गूड आणि मॅगिल यांना बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिसमध्येही असाच कल दिसला.

म्हणजे जो सराव करताना बरा वाटतो, तोच टिकतो असं नाही. रेंजवरून खूश होऊन घरी येणं हे शिकल्याचं लक्षण नाही.

भारतीय गोल्फमध्ये एस. एस. पी. चौरसिया यांचं उदाहरण पाहा. त्यांचे वडील १८२९ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनची निगा राखायचे. चौरसिया त्या कोर्सवरच वाढले आणि पाहून पाहून शिकले. लांब फटके ही त्यांची ताकद कधीच नव्हती. पण ग्रीनच्या आसपासचा त्यांचा हात असा होता की लोक गमतीने त्यांना ‘चिपपटसिया’ म्हणू लागले. २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं त्यांनी इंडियन ओपन जिंकली. त्यांची शाळा मॅट नव्हती, खरं गवत होतं.

फटके नेमके कुठे वाया जातात?

गोल्फमध्ये जुना समज आहे की लांब ड्राइव्ह दिसायला भारी, पण सामना पटिंगवर जिंकला जातो. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी हा समज आकड्यांवर तपासला. प्रत्येक फटक्याने तुम्ही सरासरी खेळाडूच्या तुलनेत किती कमावलं किंवा गमावलं, हे मोजायची ‘स्ट्रोक्स गेन्ड’ ही पद्धत त्यांनी मांडली. अमेरिकेच्या पीजीए टूरने २०११ पासून ती पटिंगसाठी वापरायला सुरुवात केली.

ब्रॉडींचा निष्कर्ष असा की चांगल्या आणि सामान्य खेळाडूच्या स्कोअरमधला साधारण दोन तृतीयांश फरक १०० यार्डांपेक्षा लांबच्या फटक्यांतून येतो. जवळचे फटके आणि पटिंग मिळून उरलेला एक तृतीयांश.

आणखी एक गोष्ट. पीजीए टूरवरचे खेळाडू ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट होलमध्ये घालतात. आपण मात्र तेवढ्याच अंतरावरून चुकलो की कपाळावर हात मारतो. वाया गेलेला फटका आठवतो तो पटिंगचा. पण खरं नुकसान आधीच झालेलं असतं, झाडीत गेलेल्या ड्राइव्हमुळे किंवा पाण्यात पडलेल्या दुसऱ्या फटक्यामुळे. चुकीच्या ठिकाणी दोष शोधला की सरावही चुकीच्या ठिकाणी होतो.

नवा ड्रायव्हर घेतला तर?

थोडा फायदा होईल, पठार सुटणार नाही. ड्रायव्हरच्या डोक्याचं आकारमान ४६० घन सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावं असा नियम आहे. त्याचा पत्रा बॉलला किती उसळी देऊ शकतो यावरही मर्यादा आहे. त्यामुळे दरवर्षीच्या जाहिरातीत वाढणारं अंतर प्रत्यक्षात तेवढं वाढू शकत नाही. त्याच पैशांत चांगल्या कोचचे बरेच तास मिळतात.

सुधारायचं तर आधी बिघडावं लागतं

हा सगळ्यात अवघड भाग. आपोआप चालणारी सवय बदलायची म्हणजे तिसऱ्या पायरीवरून पुन्हा पहिलीवर यायचं. काही महिने स्कोअर ९५ चा १०२ होतो. इथेच बहुतेक जण जुन्या स्विंगकडे परत जातात.

टायगर वुड्सने १९९७ मध्ये मास्टर्स १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली आणि त्यानंतर कोच बुच हार्मनसोबत स्विंग नव्याने बांधायला घेतला. १९९८ मध्ये पीजीए टूरवर त्याला एकच विजेतेपद मिळालं. लोक शंका घेऊ लागले. १९९९ मध्ये त्याने ८ आणि २००० मध्ये ९ स्पर्धा जिंकल्या. त्याच्याकडे वेळ होता, कोच होता आणि वाईट वर्ष सोसायची तयारी होती. हौशी खेळाडूकडे रविवार सकाळचे चार तास असतात आणि सोबत चिडवणारे तीन मित्र.

मग कोणीही कितीही सुधारू शकतो का?

नाही. आणि हेही स्पष्ट सांगायला हवं.

अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या डॅन मॅकलॉफलिन या फोटोग्राफरने २०१० मध्ये, वयाच्या तिशीत, नोकरी सोडून एक प्रयोग सुरू केला. गोल्फचा जवळजवळ काहीच अनुभव नसताना दहा हजार तास शिस्तीत सराव करून पीजीए टूरपर्यंत पोहोचायचं. सुरुवात होलजवळच्या छोट्या पटपासून केली, ड्रायव्हर बऱ्याच उशिरा हातात घेतला. त्याचा हँडिकॅप २.६ पर्यंत उतरला. बहुतेक हौशी खेळाडू आयुष्यात तिथे पोहोचत नाहीत. पण साधारण सहा हजार तासांनंतर, २०१५ मध्ये, पाठीच्या दुखण्याने प्रयोग थांबला.

यात दोन्ही गोष्टी आहेत. नीट आखलेला सराव माणसाला खूप लांब नेतो. आणि शरीराला हद्द असते, ती चिकाटीने ओलांडता येत नाही. पाठ दुखत असताना आणखी दोन बादल्या मारणं हा उपाय नाही.

करायचं काय, तर

चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवर खेळा किंवा येरवड्याच्या पूना क्लब कोर्सवर, या पाच गोष्टी कुठेही जमतात.

१. पाच फेऱ्यांची वही ठेवा. प्रत्येक होलवर एवढंच लिहा: ड्राइव्ह खेळण्याजोग्या जागी पडला का, दंडाचा फटका बसला का, किती पट लागले. तुमची खरी गळती दिसेल.

२. एका वेळी एकच कमजोरी निवडा. तीन युट्यूब व्हिडिओंमधले तीन सल्ले एकत्र वापरू नका.

३. रेंजवर प्रत्येक बॉलला क्लब आणि निशाण बदला. डोक्यात कोर्सचा एखादा होल आणा आणि तो क्रमाने खेळा.

४. सपाट गवत मिळालं तर मॅट सोडा.

५. बदल करताना तीन महिने स्कोअर वाढेल हे आधीच मान्य करा. सोबत खेळणाऱ्यांनाही सांगून ठेवा.

आणि नसेल करायचं तर?

तेही चालतं. हँडिकॅप मुळात यासाठीच आहे की २३ हँडिकॅपवाला ८ वाल्याशी बरोबरीने खेळू शकावा. चार तास मोकळ्या हवेत चालणं, मित्र आणि अठरा होल्समध्ये एखादा मनासारखा बसलेला फटका यासाठी खेळणारा माणूस काही कमी गोल्फर नाही.

फरक एवढाच की पठारावर राहायचं हा निर्णय तुमचा असू द्या. ‘आपल्यात टॅलेंट नाही’ म्हणून खेळ सोडण्याआधी एकदा आपला सराव तपासून बघा. अनेकदा दोष तिथेच सापडतो.