पाठकोऱ्या गुंडाळीवरचा स्टोइक

मॅसिडोनियातल्या स्टोबी गावच्या योहान्नेसने इसवी सनाच्या पाचव्या शतकात आपल्या मुलासाठी, सेप्टिमिअससाठी, ग्रीक ग्रंथांतले वेचे जमवले. विद्वान त्याला गावावरून स्टोबेअस म्हणतात. ज्या ग्रंथांतून त्याने वेचे घेतले त्यांतले पुष्कळ पुढे बुडाले, वेचे मात्र तगले. त्यांत हिएरोक्लिस या नावाखाली काही लांब उतारे आहेत. देवांशी, देशाशी, आईवडिलांशी, भावांशी कसे वागावे, लग्न का करावे, घरातली कामे नवराबायकोत कशी वाटावीत, असे त्यांचे विषय. हा हिएरोक्लिस कोण, कधीचा, कोणत्या पंथाचा, याबद्दल स्टोबेअस अक्षर लिहीत नाही.

विद्वानांपुढे या नावाचा एक माणूस आयता होता. अलेक्झांड्रियाचा हिएरोक्लिस पाचव्या शतकातला, नव-प्लेटोवादी. पायथागोरसच्या नावावर चालणाऱ्या ‘सुवर्णपद्यां’वरचे त्याचे भाष्य पूर्ण उपलब्ध आहे आणि दैवी योजनेवरच्या त्याच्या ग्रंथाचा गोषवारा नवव्या शतकात फोटिओसने दिला आहे. नाव तेच, काळ स्टोबेअसच्या जवळचा, विषयही नीतीचा. तेव्हा उतारे याच्याच नावावर मांडले गेले आणि ती नोंद दीर्घकाळ टिकली. तिला आधार नव्हता असे नाही, पण जो होता तो नामसाम्याचा. नामसाम्य हा पुराव्यांतला सर्वांत गोड बोलणारा आणि सर्वांत कमी भरवशाचा साक्षीदार.

दुसरा साक्षीदार रोमन आहे. औलस गेलिअस दुसऱ्या शतकाच्या मध्यास अथेन्समध्ये टॉरस या प्लेटोवादी गुरूकडे शिकत होता. ‘अ‍ॅटिक रात्री’ या ग्रंथाच्या नवव्या खंडातल्या पाचव्या प्रकरणात तो सांगतो, की एपिक्युरसचा विषय निघाला की टॉरसच्या तोंडी हिएरोक्लिसचे शब्द येत. हा हिएरोक्लिस स्टोइक होता, असे गेलिअस स्पष्ट म्हणतो आणि त्याचा उल्लेख आदराने करतो. म्हणजे दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत या नावाचा एक स्टोइक लेखक अथेन्सच्या शिकवणीत माहीत होता, इतके निश्चित. पण स्टोबेअसचे उतारे त्याचेच, हे यातून सिद्ध होत नाही. गेलिअसच्या ओळी आणि स्टोबेअसचे उतारे यांत एकही वाक्य समान नाही.

इथे कार्ल प्रेख्टर या जर्मन अभ्यासकाने निराळी वाट धरली. नाव बाजूला ठेवून त्याने उताऱ्यांतली मते तपासली. शहाण्याने लग्न करावे हाच मूळ नियम आणि अविवाहित राहणे हा परिस्थितीने पाडलेला अपवाद, असे उताऱ्यांत म्हटले आहे. कर्तव्यांची मांडणी, शब्दांची ठेवण, उदाहरणे ही सारी स्टोइक शाळेची निघाली. अलेक्झांड्रियाच्या भाष्यकाराचे खास विचार मात्र त्यांत सापडेनात. ‘स्टोइक हिएरोक्लिस’ हे त्याचे पुस्तक १९०१ साली प्रसिद्ध झाले. निष्कर्ष भक्कम होता, तरी अनुमानच. प्रेख्टरच्या हाती नवीन पान एकही नव्हते.

ते पान त्याच वर्षी कैरोत विकले गेले.

१९०१ मध्ये लुडविग बोर्खार्टने बर्लिनच्या संग्रहालयासाठी एक पपायरस घेतला. तो हर्मोपोलिसचा, म्हणजे आजच्या अल-अश्मुनैनचा, असे सांगण्यात आले. उत्खननाची नोंद नसल्यावर अशी माहिती ‘सांगण्यात आले’ इतक्याच वजनाने वाचायची. संग्रहात त्याला ९७८० हा क्रमांक मिळाला. गुंडाळीच्या दर्शनी बाजूवर डेमोस्थेनिसच्या भाषणांवरचे डिडिमसचे भाष्य होते. इतिहासाच्या अभ्यासकांना ते मोलाचे वाटले आणि १९०४ मध्ये छापलेही गेले. गुंडाळी उलटल्यावर मागे वेगळ्या हस्ताक्षरात दुसराच ग्रंथ लागला. त्याच्या माथ्यावर लेखकाचे आणि ग्रंथाचे नाव शाबूत होते: हिएरोक्लिसकृत ‘नीतीची मूलतत्त्वे’. हान्स फॉन आर्निमने शुबार्टच्या मदतीने हा मजकूर १९०६ मध्ये प्रसिद्ध केला.

क्षणभर या मागच्या बाजूपाशी थांबायला हवे. पपायरसचा कागद दोन थरांचा असतो. एका थराचे तंतू आडवे, दुसऱ्याचे उभे. आडव्या तंतूंची बाजू लिहायला सोयीची, म्हणून पहिला मजकूर सहसा तिच्यावर येतो. मागे लिहिणे म्हणजे आपल्याकडे पाठकोऱ्या कागदावर हिशेब किंवा कच्चे टिपण करण्यासारखे. अक्षराच्या वळणावरून दोन्ही लेखन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचे मानतात. म्हणजे या प्रतीचा काळ लेखकाच्या काळापासून फार दूर नाही. इथवर पुरावा आहे. आता माझा तर्क: ही विक्रीची प्रत नसावी, कोणा वाचकाने स्वतःसाठी करून घेतलेली असावी. नवी गुंडाळी घेण्याइतके पैसे किंवा हौस नसेल, पण ग्रंथ हवा होता. त्याचे नाव कुठेही नाही.

मजकुराचे सुमारे बारा स्तंभ हाती लागतात. सुरुवातीचे चांगले, पुढचे उत्तरोत्तर फाटके. पहिलाच प्रश्न असा: जन्मलेल्या प्राण्याला सर्वांत आधी ‘आपले’ काय वाटते? ग्रीक शब्दाचे मूळ ‘घर’ या शब्दात आहे. मराठीत ‘घरचा’ म्हणताना जी जवळीक अभिप्रेत असते, तीच इथे आहे. हिएरोक्लिसचे उत्तर असे, की जन्माच्या क्षणापासून प्राण्याला स्वतःची जाणीव असते आणि म्हणून तो स्वतःचाच आधी होतो. पुरावा म्हणून तो निरीक्षणे मांडतो. पक्ष्याला पंख कशासाठी ते कळते, बैलाला आपले शस्त्र शिंगांत आहे हे ठाऊक असते. झोपेत ही जाणीव मालवत नाही का, या शंकेवर तो घरातला दाखला देतो. थंडीत अंग उघडे पडले तर गाढ झोपेतला माणूसही पांघरूण ओढून घेतो. मद्यपी सुरई धरून झोपतो, कंजूष पैशाची थैली मुठीत आवळून. लहान मूल अंधाऱ्या, निःशब्द खोलीत का रडते, याचेही उत्तर तो याच जाणिवेत शोधतो: काहीच दिसेना, ऐकू येईना, की त्याला आपणच नाहीसे झाल्यासारखे वाटते.

हा लेखक पाचव्या शतकातला नव-प्लेटोवादी नव्हे, हे प्रतीचे वयच सांगते. प्रेख्टरचा स्टोइक खरोखर होऊन गेला होता.

पण खरा पेच इथून पुढे आहे. स्टोबेअसच्या एका उताऱ्यात हिएरोक्लिसची सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा येते. प्रत्येक माणूस अनेक वर्तुळांनी वेढलेला आहे. मध्यबिंदू मन. त्याभोवती शरीर, मग आईवडील, भावंडे, बायको-मुले. त्यापलीकडे काका-मामा, आजी-आजोबा, भाचे-पुतणे, आणखी पुढे दूरचे नातलग, गाव, नगर, शेजारची नगरे, आणि सर्वांत बाहेर सारी मानवजात. बाहेरची वर्तुळे आत ओढत राहणे हे आपले काम. त्यासाठी एक युक्ती तो सुचवतो: चुलत भावंडांना भाऊ म्हणावे, काकाला बाप. मामेभाऊ, मावसबहीण असे शब्द बोलतच वाढलेल्या मराठी वाचकाला ही युक्ती ओळखीची वाटेल.

पपायरस स्वतःपासून सुरू होतो आणि उतारा मानवजातीपर्यंत पोचतो. मधला पूल कुठे आहे? स्वतःवरची माया परक्यापर्यंत कशी जाते, हा युक्तिवाद पपायरसमध्ये जिथे अपेक्षित आहे, तिथेच कागद फाटलेला आहे. नवव्या स्तंभापासून आपलेपणाचे प्रकार सांगणारे तुटक शब्द दिसतात. अकराव्यात माणूस हा इतरांची गरज असलेला प्राणी आहे, म्हणून तो नगरांत राहतो, असे वाचता येते. पुढे मजकूर विरतो.

‘मूलतत्त्वे’ ही मोठ्या ग्रंथाची प्रस्तावना आणि स्टोबेअसचे वेचे त्याच ग्रंथाचे पुढचे भाग, असे आर्निमचे मत होते. मांडणी आकर्षक आहे. दोन्ही तुकडे जोडले की स्वतःपासून विश्वापर्यंत सरळ जिना दिसतो. तरी पपायरसवर ग्रंथाचे नाव स्वतंत्र आहे, आणि दोहोंना सांधणारे वाक्य सापडलेले नाही. १९९२ मध्ये बास्टियानिनी आणि लाँग यांनी पपायरसची नवी संपादित आवृत्ती काढली. तिच्यामुळे वाचन पुष्कळ सुधारले, तो सांधा मात्र मिळाला नाही.

त्या सांध्यावर प्राचीन काळीच कोणी बोट ठेवले होते, याचा पुरावा बर्लिनमध्येच आहे. ९७८२ क्रमांकाच्या पपायरसवर प्लेटोच्या ‘थीएटेटस’वरचे एक निनावी भाष्य आहे. हा भाष्यकार स्टोइकांना अडवतो. स्वतःबद्दल आणि मिसियासारख्या दूरच्या प्रदेशातल्या माणसाबद्दल सारखाच आपलेपणा वाटतो, हे अनुभवाला धरून नाही, असे तो म्हणतो. अहो, स्वतःच्या अंगातही ओढ सारखी नसते, डोळ्याची एक, बोटाची दुसरी, नखाकेसांची तिसरी. आणि जहाज फुटले, दोघांतला एकच वाचू शकतो, अशी वेळ आली तर?

हिएरोक्लिसचा उतारा आता पुन्हा वाचावा. नाते लांबले की जिव्हाळा काहीसा उणावतो, हे तो आधीच मान्य करतो. वर्तुळे सारखी आहेत असे तो म्हणतच नाही. ती आत ओढा, असे सांगतो. म्हणजे त्याच्याकडे या आक्षेपाचे उत्तर होते का? असावे, असे मला वाटते, पण ‘असावे’ इथेच माझा हात थांबतो. दोघांपैकी कोणी कोणाला वाचले होते, हे ठरवण्याइतका पुरावा नाही.

अकराव्या स्तंभात जे शब्द अजून उमटतात, त्यांत एक लहान निरीक्षण आहे. माणसे किती सहज मित्र होतात, एकत्र जेवल्यामुळे किंवा नाट्यगृहात शेजारी बसल्यामुळेही. आपल्या हाती असलेल्या ‘मूलतत्त्वां’त परक्याकडे टाकलेले हे पहिले पाऊल. पुढचे पाऊल पाठकोऱ्या कागदाच्या फाटलेल्या भागावर होते.