खड्डे उकरणारे कुठे गेले?

मातीची मशागत म्हटली की आम्ही शिक्षक गांडुळावर थांबतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात हे काम बिल्बी आणि बेटाँग हे सशाएवढे, पोटपिशवीवाले प्राणी करत. कंद-किड्यांसाठी ते खड्डे उकरत. त्यांत पाचोळा अडके, पाणी मुरे आणि सुकलेल्या मातीत सुप्त पडलेले जिवाणू, बुरश्या जागे होऊन पाचोळा कुजवू लागत.

१८५९ साली एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी तिथे ससे सोडले. पुढे कोल्हेही आणले गेले. सशांनी चारा खाल्ला, कोल्ह्या-मांजरांनी हे प्राणी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बिळात राहणारा बेटाँग मुख्य भूमीवरून संपला. काही बेटांवर तेवढा उरला.

ससेही उकरतातच की, असे एखादा विद्यार्थी विचारील. खरे आहे, पण संशोधकांनी मोजले, तेव्हा सशांच्या खड्ड्यांत पाचोळा कमी निघाला.

१९९९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉक्सबी डाउन्सजवळ कुंपण घालून बेटाँग परत सोडले. कुंपणाच्या आत खड्डे पुन्हा दिसू लागले. बाहेर कोल्हे होतेच.