प्रसूतिशिक्षणातील प्रतिकृती आणि बोली

कोल्हापूर संस्थानाने १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांची अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर नेमणूक केली. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली होती. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि ती जागा त्यांना स्वीकारता आली नाही. मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत बाळंतपणे त्या काळी घरीच, सुईणीच्या हातून होत. सुईणीची विद्या वडीलधाऱ्या बाईच्या पाठीशी उभे राहून मिळालेली असे. शिकाऊ हाताची पहिली चूक जिवंत देहावरच होई.

ही चूक निर्जीव वस्तूवर व्हावी, हा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात अशा सरावास ‘योग्या’ म्हटले आहे. छेदनाचा अभ्यास कोहळ्याभोपळ्यांवर आणि पट्टबंधनाचा पुतळ्याच्या अवयवांवर करावा, असे तेथे सांगितले आहे. शास्त्र पुष्कळ ऐकूनही ज्याने योग्या केलेली नाही तो कर्मास अयोग्य, असा त्याचा आशय. मराठीत ‘योग्य’ हा शब्द पात्रतेच्या अर्थाने रूढ आहे. सरावाचा अर्थ मात्र व्यवहारातून लोपला. मूढगर्भाची चिकित्सा संहितेत स्वतंत्रपणे येते. तथापि प्रसूतीकरिता पुतळा सांगितलेला नाही.

तो पुतळा युरोपात आढळतो. फ्रान्समध्ये आंजेलिक द्यु कुद्रे या सुईणीस १७५९ मध्ये राजाज्ञा मिळाली. कापड व चामडे यांचे गर्भाशय आणि बालक बनवून, गावोगाव फिरून तिने हजारो स्त्रियांना शिकविले. त्यांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती; म्हणून तिचा ग्रंथ त्यांच्या हातांकरिता होता. त्यातील एक प्रतिकृती रुआँ येथे आजही जतन केलेली आहे.

महाराष्ट्रात या शिक्षणास संस्थात्मक रूप हळूहळू आले. सुईणींच्या प्रशिक्षणार्थ १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया स्मारक निधी स्थापन झाला. पुण्यात १९०९ पासून रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने स्त्रियांस परिचारिकेच्या व्यवसायाकडे वळविले. २०१८–२० या काळात महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. संपूर्ण भारताचे ९७. यातून एक नवी अडचण निर्माण होते: अतिरक्तस्राव किंवा खांदा अडकणे यांसारखे प्रसंग विद्यार्थिनीस शिक्षणकाळात क्वचितच दिसतात, आणि दिसले तर विचार करावयास मिनिटे असतात. आभासी वास्तवाचे उपकरण डोळ्यांवर चढविल्यावर तोच प्रसंग दहा वेळा अनुभवता येतो व चुकीने कोणाचा जीव जात नाही. हे त्याचे खरे सामर्थ्य होय.

परंतु एक भेद दुर्लक्षून चालणार नाही. शिक्षिकेने पोटाशी बांधावयाच्या अलीकडील नॉर्वेजियन प्रतिकृतीत प्रसूत होणाऱ्या स्त्रीची भूमिका शिक्षिकाच करते; ती कण्हते, प्रश्न विचारते, भिते. आभासी स्त्रीचे बोलणे बहुधा आधीच लिहून ठेवलेले असते. कोल्हापूरची बाळंतीण ‘पाणमोट फुटली’, ‘वार पडली नाही’, ‘कळा थांबल्या’ असे सांगते. विद्यार्थिनीचे पाठ्यपुस्तक मात्र इंग्रजीत असते. ‘कळा थांबल्या’ हे केवळ गाऱ्हाणे नव्हे, तो धोक्याचा इशाराही असू शकतो. तो न समजल्यास शिकलेला हातही उशिरा हलतो.

यास्तव आभासी पाठाचे संवाद भाषांतरावर सोपविणे पुरेसे नाही. सुईणी, परिचारिका आणि माता यांच्या तोंडची ही शब्दसंपदा स्थळवार संकलित करणे हे भाषाभ्यासाचे कार्य आहे. सुईणींची पिढी ओसरत असल्याने त्यास विलंब परवडणारा नाही. पुतळ्याने हाताला शिकविले, नव्या यंत्राने डोळ्याला. कानाचे शिक्षण अद्याप व्हावयाचे आहे.