भाव नसलेली घरं

लँकेशायरमधलं बर्नली हे एके काळी सुती विणकामाचं मोठं गाव. गिरण्या बंद पडत गेल्या तसे तिथल्या ओळीच्या दगडी घरांचे भाव घसरले, कित्येक घरं ओस पडली आणि 2002 ते 2011 या काळात सरकारी योजनेतून त्यातली काही पाडलीही गेली. घरांचे भाव पाहिले की त्या गावाची पडझड वाचता येते. परभणी जिल्ह्यात याला जवळचं गाव शोधायचं तर पूर्णा जंक्शनचं नाव घ्यावं लागतं. पण इथे ही वाट बंद आहे. रेल्वेचं पूर्णा ज्या घरांत राहिलं त्यांना बाजारभाव कधी नव्हताच, आणि पूर्णेचं नुकसान फारसं कुणाच्या नजरेत भरलं नाही, याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज मार्ग झाला आणि 1912 मध्ये पूर्णेहून हिंगोलीला फाटा निघाला. पुढे तो अकोला-खांडव्याशी जोडला गेला आणि काचीगुड्याहून जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस या वाटेने धावू लागली. वाफेच्या इंजिनाला माणसं फार लागत. ठरावीक अंतरावर पाणी भरायचं, कोळसा चढवायचा, राख काढायची, बॉयलर धुवायचा. इंजिनावर ड्रायव्हर आणि फायरमन, शेडमध्ये फिटर आणि खलाशी. ड्यूटीचं बोलावणं रात्री-अपरात्री येणार, म्हणून ही माणसं शेडच्या हाकेच्या अंतरावर हवीत. क्वार्टर बांधले गेले ते या गरजेपोटी. कामगारांच्या कळवळ्यापोटी बांधले, असं मानायचं कारण नाही.

यावर कुणी म्हणेल, हेतू काहीही असो, डोक्यावर छप्पर तर मिळालं. हे खरंच आहे, आणि मराठवाड्यात त्याचं मोल आणखी मोठं होतं. गावात घर कुठे असावं हे जात ठरवायची. क्वार्टर मिळायचं ते हुद्दा आणि नोकरीची वर्षं पाहून. दलित खलाशाच्या आणि सवर्ण कारकुनाच्या घराला नळ एकाच खात्याचा. पूर्णेतली आंबेडकरी चळवळ रेल्वे कामगारांच्या वस्तीत रुजली, ती काही योगायोगाने नव्हे. पण हा मान नोकरीला जोडलेला होता. निवृत्तीनंतर नेहमीच्या भाड्यात क्वार्टर ठेवायला मिळतं ते चार महिने. पुढे मुदतवाढ मिळाली तरी भाडं जादा. मग ग्रॅच्युइटी आणि पीएफ घेऊन माणूस उतरतो तो थेट जमिनीच्या बाजारात, जिथे प्लॉट दाखवण्याआधी आडनाव विचारलं जातं.

तोवर शेडचं कामही आटलेलं. डिझेल इंजिन मध्ये न थांबता लांब पल्ला मारतं. नव्वदच्या दशकात मनमाडकडचा मुख्य मार्ग ब्रॉडगेज झाला, 2008 च्या सुमारास अकोल्याचाही. 1 एप्रिल 2003 ला रेल्वेचा नवा विभाग झाला, पण त्याचं मुख्यालय गेलं नांदेडला, रेल्वेने तासाभराच्याही आत. ज्यांची नोकरी टिकली त्यांची बदली झाली. क्वार्टरला कुलूप लागलं. विक्री झाली नाही, म्हणून भाव पडल्याची नोंदही कुठे झाली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पूर्णा खरंच खंगली असती तर गावातल्या प्लॉटला गिऱ्हाईक कुठून आलं असतं? त्याचं उत्तर रुळांपेक्षा कालव्यात आहे. येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्याने या पट्ट्यात ऊस आला, हळद आली. शिकणाऱ्या मुलांसाठी तालुक्याच्या गावी घर करणारा शेतकरी, शिक्षक, सरकारी नोकर हे खरे घेणारे. त्यातला बराच व्यवहार गुंठ्यांत चालतो. अशा तुकड्यांना नियमित करायला राज्याला 2001 मध्ये गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला, यावरून मराठवाड्यासह राज्यभर तो किती फोफावला होता ते कळावं. तेव्हा प्लॉटचा भाव सांगतो तो आसपासच्या शेतीचा आणि पगाराचा जोर. त्यावरून रेल्वेच्या पूर्णेचं बरं-वाईट ठरवणं म्हणजे शेजाऱ्याची नाडी पाहून रोग्याला औषध देणं.

बर्नलीची योजनाही काही आदर्श नव्हती; नांदती घरं पाडली म्हणून तिच्यावर कडाडून टीका झाली. पण तिथे सक्तीने घर घ्यायचं तर मालकाला मोबदला देणं कायद्याने भाग होतं, त्यामुळे भांडायला जागा होती. इथे क्वार्टर मोडकळीला आलं की रेल्वे प्रशासन ते कागदोपत्री निकामी ठरवतं आणि पाडतं. बाप फायरमन आणि मुलगा खलाशी असं ज्या घराने तिथे आयुष्य काढलं, त्याची संमती घ्यायची तरतूद त्या कागदात नसते.