वीज कंपन्यांना सवलत कशी मिळते आणि कोर्टात काय झालं? सोप्या भाषेत समजून घ्या

रिद्धपूर (ता. मोर्शी) : सबसिडी म्हटलं की आपल्याला कृषिपंपाचं बिल आठवतं. पण वीज तयार करणाऱ्या कंपन्यांनाही सरकारचा हात मिळतो. कधी पाण्याच्या रूपानं, कधी कोळशाच्या वाढीव खर्चाची भरपाई म्हणून. या दोन्ही गोष्टींवर कोर्टकचेरी झाली आहे आणि दोन्हींचा संबंध आपल्या जिल्ह्याशी आहे.

पाण्याचं प्रकरण

आपल्याच तालुक्यात सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. अमरावती शहर त्याचंच पाणी पितं, तिवसा, चांदूर रेल्वे, धामणगावकडची वावरं त्याच्या कालव्यावर ओलित होतात. याच धरणातून नांदगाव पेठ एमआयडीसीतल्या औष्णिक वीज प्रकल्पासाठी वर्षाला 87.6 दलघमी, म्हणजे 8 कोटी 76 लाख घनमीटर पाणी मंजूर झालं. तेव्हा हा प्रकल्प इंडियाबुल्सचा 'सोफिया' म्हणून ओळखला जायचा. आता तो रतनइंडियाचा आहे. क्षमता 1350 मेगावॅट.

हे पाणी मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीनं दिलं होतं. सिंचनाचा अनुशेष बाकी असताना शेतीचं पाणी उद्योगाला का, असं म्हणत शेतकरी रस्त्यावर उतरले आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातही गेलं.

2003 च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर दुसरा नंबर उद्योगाचा होता. 2011 मध्ये तो शेतीला दिला गेला. पण त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात दुरुस्ती करून समितीचे जुने निर्णय वैध ठरवले गेले. म्हणजे क्रम बदलला, दिलेलं पाणी मात्र तिकडेच राहिलं.

कोळशाचं प्रकरण

कंपनी ठरलेल्या दरानं वीज देण्याचा करार करते. पुढे कोळसा महागला तर वरचा पैसा कोणी द्यायचा? मुंद्रा (गुजरात) इथल्या टाटा आणि अदानी प्रकल्पांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं 11 एप्रिल 2017 ला निकाल दिला :

- परदेशातला कोळसा महागला म्हणून भरपाई नाही. तो धंद्यातला धोका आहे, कंपनीनंच सोसायचा.
- पण आपल्याच सरकारच्या धोरणामुळे देशातला कोळसा कमी मिळाला, तर तो 'कायद्यातील बदल' धरून भरपाई मागता येते.

नांदगाव पेठच्या कंपनीनंही देशी कोळशाच्या तुटवड्यावरून अशीच मागणी राज्य वीज नियामक आयोगापुढे केली होती.

आपल्या खिशाशी काय संबंध?

भरपाई मंजूर झाली की ती महावितरण देते. महावितरण तो खर्च वीजदरात धरते. शेवटी भार येतो बिलावर. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपाचं बिल 2024 पासून सरकार भरत असलं, तरी घराचं, पिठाच्या गिरणीचं बिल आपल्यालाच भरावं लागतं.

दाद कुठं मागायची?

- दरवाढीचा प्रस्ताव आला की राज्य वीज नियामक आयोग हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. साधा ग्राहकही हरकत देऊ शकतो.
- आयोगाच्या आदेशावर 45 दिवसांत दिल्लीच्या वीज अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं.
- त्यानंतर, कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तर, 60 दिवसांत सर्वोच्च न्यायालय.

एकट्यानं हे झेपत नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि गावाच्या नावानं हरकत पाठवा. हरकतीची मुदत जाहीर सूचनेत छापलेली असते, ती चुकवू नका.