ताक फुंकून पिणारे शहर

'दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे' ही म्हण आपण सावधपणाची शिकवण म्हणून वापरतो. परंतु तिच्यातला माणूस नीट न्याहाळला तर तो शहाणा असण्यापेक्षा भ्यालेला अधिक आहे. ताक थंड असते हे त्याला पक्के ठाऊक आहे. तरी पेल्यातला पांढरा रंग दिसताच त्याचे ओठ आपोआप फुंकर घालू लागतात. पूर्वीच्या आघाशी नाते सांगणारी एक निरुपद्रवी खूण, आणि ती दिसताच बुद्धीला न विचारता शरीराने दिलेले उत्तर: आजचे मानसशास्त्र ज्याला 'ट्रिगर' म्हणते त्याचे हे पुरते वर्णन आहे. मराठीत या अवस्थेसाठी शब्दांची वानवा नाही. धास्ती, धडकी, दचकणे, हाय खाणे, आणि या सर्वांत अर्थपूर्ण असा 'धसका घेणे' हा प्रयोग. धक्का बसतो, पण धसका 'घेतला' जातो. धक्का त्या क्षणापुरता असतो. धसका पुढे कित्येक वर्षे माणसाबरोबर राहतो.

मुंबईच्या आपत्तींचे इतिहास वाचताना धक्क्यांची नोंद सविस्तर मिळते. मृत किती, नुकसान किती, बाजार कधी उघडला, गाड्या कधी सुरू झाल्या. धसक्याची नोंद मात्र फारशी नसते. या शहराने आपल्या धसक्याचे काय केले, हा प्रश्न इतिहासाचाही आहे, असे मला वाटते.

14 एप्रिल 1944 रोजी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. एकाच जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या भरलेल्या होत्या. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले. एकूण मृतांचे आकडे सातशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. महायुद्ध चालू होते. त्यामुळे वृत्तपत्रांवर निर्बंध आले आणि या भीषण घटनेची बातमी सविस्तर छापण्याची मुभा मे महिन्यात मिळाली. म्हणजे ज्या शहराने तो आवाज कानांनी ऐकला होता, त्याला तो शब्दांत वाचण्यासाठी कित्येक आठवडे थांबावे लागले. त्या 66 जणांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. एका दलाला अशा रीतीने आपल्या दुःखासाठी तारीख, गणवेश आणि मानवंदना मिळाली. गोदीमागच्या वस्त्यांत ज्यांची घरे जळाली, त्यांच्यासाठी असा कोणताही दिवस नाही.

12 मार्च 1993 च्या शुक्रवारी झालेल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसे मारली गेली. शेअर बाजार, काथा बाजार, झवेरी बाजार, वरळीचा सेंच्युरी बाजार, दादरला सेनाभवनाजवळचा पेट्रोल पंप आणि प्लाझा चित्रपटगृह ही त्या दुपारच्या यादीतील काही ठिकाणे. 1944 आणि 1993 यांत एक फरक आहे. गोदीतले जहाज सामान्य माणसाच्या रोजच्या वाटेत येत नव्हते. 1993 ची स्फोटके मोटारींत, स्कूटरींत आणि सूटकेसमध्ये दडविलेली होती. परिणामी धसक्याला चिकटायला गोष्टी मिळाल्या त्या अत्यंत घरगुती. पदपथालगत उभी असलेली बिनमालकाची स्कूटर, मांडणीखाली राहिलेली पिशवी, विसरलेला डबा. रेल्वे स्थानकांवर 'बेवारस वस्तूंना हात लावू नका' अशा घोषणा होऊ लागल्या. त्या आवश्यक होत्या हे खरेच. पण ज्याने स्फोट अनुभवला आहे, त्याला तीच घोषणा दिवसातून कितीदा तरी त्या दुपारी नेऊन उभी करते.

पुढे 25 ऑगस्ट 2003 रोजी झवेरी बाजार पुन्हा हादरला. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अवघ्या काही मिनिटांत सात स्फोट झाले. 13 जुलै 2011 रोजी झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादरचा कबुतरखाना यांची पाळी आली. झवेरी बाजार तीनदा, दादर दोनदा. अशा ठिकाणी 'ते संपले, आता घाबरण्याचे कारण नाही' हे समजावणे फोल ठरते, कारण म्हणीतले ताक खरोखरच कधी कधी गरम निघालेले असते.

याच काळात 'मुंबई स्पिरिट' हा शब्दप्रयोग रूढ झाला. 1993 च्या त्या शुक्रवारनंतर सोमवारी शेअर बाजार उघडला. 2006 च्या स्फोटांनंतर दुसऱ्या सकाळी गाड्या भरून धावल्या. या वेगाचे कौतुक झाले आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात चढणारा मनुष्य धैर्याने चढला, की रजा नव्हती म्हणून चढला, हे गर्दीच्या छायाचित्रावरून कळत नाही. कौतुकाचा एक दुष्परिणामही झाला. जो चढू शकला नाही, जो आडवळणाच्या बसने जाऊ लागला, ज्याने नोकरीच बदलली, तो या गौरवगाथेत बसेना. त्याचा धसका हा जणू त्याचा वैयक्तिक कमकुवतपणा ठरला.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी इंग्लंडमध्ये नेमका असाच पेच उभा राहिला होता. चार्ल्स मायर्स यांनी 1915 मध्ये 'शेल शॉक' ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आणली. कवी सिगफ्रीड ससून यांच्यावर एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात उपचार करणारे डॉ. रिव्हर्स यांनी 1918 मध्ये असे मांडले की, 'विसरून जा, मनातून काढून टाक' हा सैनिकांना सर्रास दिला जाणारा सल्लाच त्यांच्या रात्री बिघडवतो. दिवसा दाबलेले रात्री स्वप्नात उसळते. सतत तेच उगाळत बसावे, असेही त्यांचे म्हणणे नव्हते. आठवणीकडे पाहता येईल, इतपत तिच्याशी ओळख व्हावी, हा त्यांचा मध्यममार्ग होता. या अवस्थेला अमेरिकी मानसोपचारात अधिकृत निदानाचे स्थान मिळायला मात्र 1980 साल उजाडले.

आज जे ज्ञात आहे ते रिव्हर्स यांच्या दिशेनेच जाते. आघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दचकणे, झोप उडणे, प्रसंग डोळ्यांपुढे येणे हे स्वाभाविक असते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते ओसरते. घटनेनंतर लगेच प्रत्येकाला बळेच बोलते करणे हितकारक नसते. महिना उलटूनही झोप, काम आणि नाती यांत अडथळा येत असेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावी. टाळण्याने तात्पुरती सुटका होते, पण धसका बळावतो. कारण ताक टाळत राहिलेल्या जिभेला ते थंड आहे हे कळण्याची संधीच मिळत नाही. म्हणून उपचारात माणसाला त्या खुणेकडे टप्प्याटप्प्याने, त्याच्या संमतीने आणि सोबतीने परत नेतात. आधी स्थानकाबाहेर उभे राहणे, मग फलाटावर, मग गर्दी नसताना एका स्थानकाचा प्रवास. मध्येच छाती धडधडू लागली तर श्वास सावकाश सोडावा, पाय जमिनीवर टेकले आहेत हे जाणवू द्यावे, समोरची पाटी वाचावी, आजची तारीख मनाशी म्हणावी. शरीर जुन्या दिवसात गेलेले असते. त्याला आजच्या दिवसात आणायचे असते. 'स्पिरिट' आणि उपचार यांतील भेद इथेच आहे. दोन्हींत मनुष्य त्याच गाडीत परत चढतो, पण एकात त्याला ढकलले जाते आणि दुसऱ्यात त्याची गती विचारली जाते.

धसक्याची खूण नेहमी स्फोटासारखी उग्रच असते असे नाही. 29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. पाऊस आला म्हणून लोक जिन्यात थांबले होते, इतकेच निमित्त. तिथून वाचलेल्या माणसाने पावसाला आणि जिन्याला कसे टाळावे? पुढे लष्कराने नवा पूल बांधला, 2018 मध्ये स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. स्थळाचे नाव बदलले तरी शरीराने केलेली नोंद बदलत नाही. न्यायालयीन निकालांचेही तसेच. 2006 च्या खटल्यात 2015 मध्ये दोषी ठरलेल्या बाराही जणांना 21 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाने मुक्त केले. निकालाच्या कायदेशीर बाजूची चर्चा झाली, होणे योग्यही आहे. पण एकोणीस वर्षांनी एका सकाळी बातम्यांतून तो डबा पुन्हा किती घरांत आला असेल, याची चर्चा तुरळकच.

सांगण्याला एखादे प्रयोजन मिळाले की आठवण वेगळे रूप घेते, याचेही उदाहरण या शहरात आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कामा रुग्णालयात वीस गर्भवती स्त्रियांना सुरक्षित ठेवणाऱ्या परिचारिका अंजली कुलथे यांनी हल्लेखोराची ओळख पटवली, न्यायालयात साक्ष दिली, आणि डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे तो अनुभव मांडला. त्यांच्या मनात काय चालले असेल ते त्याच जाणोत. पण त्यांचे सांगणे ऐकून घेणारी एक जागा होती, एवढे निश्चित.

अशी जागा प्रत्येकाला न्यायालयात वा परिषदेत मिळणार नाही. ती चाळीच्या गॅलरीत, कचेरीत, वर्गात मिळू शकते, आणि तिथे पहिली अट एकच: दचकणाऱ्याला हसू नये, आणि 'अजून तेच घेऊन बसलास का?' असे विचारू नये. म्हण आपल्याला फुंकणाऱ्याची चेष्टा करायला शिकवीत नाही. त्याचे तोंड कधी तरी खरोखर पोळले होते, हे ती आधी सांगते आणि ताकाचा उल्लेख मागाहून करते.